बॅटरी बदलली? मग कंट्रोलरही बघा!



माणच्या शिवारात हिंजवडी फेज तीन रात्रभर झगमगतो, पण आपल्या घरी लाईट गेली की शिलाई मशीन थांबतं. म्हणून काही जणींनी गटातून कर्ज काढून सोलर बसवलं. मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पाण्याची बॅटरी काढून लिथियम बसवली, ती भर दुपारी बंद का पडते?" दोष बॅटरीचा नव्हता. प्लेट आणि बॅटरीच्या मधला डबा, म्हणजे चार्ज कंट्रोलर, जुन्याच सेटिंगवर होता.

प्रत्येक बॅटरीची भूक वेगळी. १२ व्होल्टची पाण्याची बॅटरी साधारण १४.४ व्होल्टपर्यंत भरतात. अधूनमधून १५ च्या आसपास जादा चार्जही देतात. तोच जादा चार्ज जेल बॅटरीला आतून सुकवतो आणि लिथियममधलं संरक्षण सर्किट बॅटरी बंद करतं.

म्हणून एवढं कराच:

१. बॅटरीवरचा प्रकार आणि चार्जिंग व्होल्ट वाचा.
२. कंट्रोलरमध्ये तोच प्रकार निवडा. जमत नसेल तर कंट्रोलर बदला.
३. जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट. काढताना आधी प्लेट.

कर्ज मागताना दोन्हींचं कोटेशन एकत्रच आणा. हप्ते संपायच्या आधी बॅटरी संपायला नको!