विमानातली जागा : फुकट काय, विकत काय
(विमानप्रवास समजून घेताना : लेखांक ४)

खुटबाव स्टेशनात डेमू शिरली की खिडकीतून रुमाल आत पडतो आणि जागा धरली जाते. या पद्धतीला हसू नका. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ साली एअर डेक्कन सुरू केली तेव्हा विमानातही हेच चालायचं. सीट नंबर नाही, आधी चढेल त्याची खिडकी. अमेरिकेतल्या साउथवेस्टने तर ही रीत पन्नास वर्षांहून जास्त काळ चालवली. नंबर नसले की लोक रेंगाळत नाहीत, विमान लवकर भरतं, असा तो हिशोब. पुढे कंपनीने प्रवाशांना विचारलं, तर दहातल्या आठांनी ठरलेली जागाच मागितली. २०२४ मध्ये साउथवेस्टने जुनी रीत मोडत असल्याचं जाहीर केलं. प्रवाशांची आवड हे कारण खरंच, पण ठरलेली जागा विकता येते, हे त्याहून खरं.

आपल्याकडे नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडिगोने वेब चेक-इन करताना सगळ्याच जागांना पैसे लावले, तेव्हा बराच गदारोळ झाला. आज नियम असा आहे की जागा निवडायचे पैसे कंपनीने घ्यावेत, पण प्रवाशाने स्वतःहून मागितली तरच. परस्पर गळ्यात मारू नये. काहीच निवडलं नाही, तर काउंटरवर उरलेली जागा फुकट मिळते. ती बहुतेकदा मधली असते, हे वेगळं सांगायला नको.

मग पैसे मोजून मिळतं काय? इंच. एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतचं अंतर स्वस्त विमानांत साधारण २८ ते ३० इंच असतं. त्यातच सीटची जाडीही आली, त्यामुळे गुडघ्यांच्या वाट्याला येते ती उरलेली फट. इंडिगोने २०२४ च्या अखेरीस दिल्ली-मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ आणलं, त्यात हेच अंतर ३८ इंच आहे आणि तीन-तीनऐवजी दोन-दोन सीट. विस्तारा या विमान कंपनीने तर २०१५ पासूनच जागांचे तीन वर्ग ठेवले होते. ती कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली.

इमर्जन्सी दरवाजाजवळ पाय ऐसपैस पसरतात. पण तिथे लहान मुलं, गरोदर बाई किंवा थकलेले आजी-आजोबा यांना बसवत नाहीत, कारण वेळ आली तर दरवाजा त्या प्रवाशालाच उघडावा लागतो. शेवटच्या रांगेची पाठ अनेकदा मागे जात नाही, वर संडासाशी शेजार. हेलकाव्यांची धास्ती असेल त्याने पंखाजवळ बसावं, तिथे धक्के कमी जाणवतात. आणि पुण्याहून सकाळच्या दिल्ली विमानात ऊन नको असेल तर डावीकडची ‘ए’ खिडकी घ्या. उजव्या ‘एफ’ खिडकीत सूर्य थेट डोळ्यांत येतो.

माझं मत विचाराल तर दोन-सव्वादोन तासांच्या प्रवासाला उंच माणूस किंवा गुडघ्यांचं दुखणं असलेला सोडून कुणी जागेसाठी पैसे घालवू नयेत. मुलं सोबत असतील तर आणखी एक लक्षात ठेवा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या एप्रिल २०२४ च्या आदेशानुसार बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांपैकी एकाच्या शेजारीच जागा द्यावी लागते. अट एवढीच की तिकिटं एकाच पीएनआरवर हवीत. म्हणून एजंटाला तिकिटं काढायला सांगताना सगळ्या घराचा पीएनआर एकच ठेवायला सांगा.

(पुढच्या आठवड्यात : सामानाचं वजन)