परमुलखातील पुंजी

लातूरच्या गंजगोलाईत उभे राहिले म्हणजे चहूंकडून सोळा रस्ते येऊन मिळताना दिसतात. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी 1917 साली ही गोलाई आखली, त्याच्या आधी सहा वर्षे बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ लातुरास येऊन पोहोचले होते. आणि ज्या वाटेने निजामी मुलखातील कापूस, भुईमूग, तूर मुंबईकडे जाऊ लागली, त्याच वाटेने मारवाड, गुजरात आणि कच्छ येथील माणसे अधिकाधिक संख्येने गंजात, म्हणजे इथल्या बाजारपेठेत, येऊन बस्तान मांडू लागली. त्यांनी मिळविले किती, याची चर्चा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मिळविलेले त्यांनी ठेवले कोठे, या प्रश्नात मला अधिक इतिहास साठलेला दिसतो.

मारवाडातून आलेला पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा प्रथम आपल्या गावच्या किंवा सोयऱ्याच्या पेढीवर गुमास्ता म्हणून राही. जेवण सेठच्या घरी आणि निजणे दुकानातल्या गादीवर, त्यामुळे खर्चाला वाव असा नसेच. पगारही महिन्याच्या महिन्याला हातात न पडता दिवाळीच्या हिशेबात निघे. त्या दिवशी लाल कापडात बांधलेली लांबट चोपडी उघडली जाई. तिची पाने रेघांनी आखलेली नसत, कागदाच्या घड्या घालून पाडलेल्या सळांवर मुनीम बोरूने लिहीत जाई. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. पोराच्या नावाचे खाते निघे, वर्षाचा पगार डाव्या बाजूस चढे, घरी धाडलेली रक्कम उजवीकडे पडे, आणि सेठ विचारी, ‘बाकीचे काय करतोस? राहू दे पेढीवरच, व्याज लावतो.’ पोरगा मान हलवी. सेठला स्वस्त भांडवल मिळे, पोराला व्याज मिळे. आणि त्याहून मोठी गोष्ट ही, की अमक्या पेढीवर याची रक्कम जमा आहे, हे गंजातल्या आडत्यांना ठाऊक होई. आठ-दहा वर्षांनी तो वेगळे दुकान थाटी तेव्हा हातातल्या रोकडीच्या कितीतरी पट माल त्याला उधारीवर मिळे, तो या साखेवर.

घरी पैसा धाडायचा तो हुंडीने. दाखविताच पटणारी ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी पटणारी ती मुदती. शिवाय निजामी मुलखात हाली शिक्का चाले आणि इंग्रजी मुलखात कलदार. शंभर कलदारांस 116 रुपये 10 आणे 8 पै हाली असा सरकारी भाव असला, म्हणजे ढोबळ मानाने सहास सात, तरी बाजारात तो वर-खाली होत असे. त्या फरकाचा बट्टा आणि हुंडणावळ ज्याला तोंडी करता येई, त्याची बचत वाटेत झिजत नसे. निजामी मुलखाला स्वतःची सरकारी बँक मिळाली ती 1941 च्या कायद्याने, आणि हाली शिक्का चलनातून पुरता गेला 1959 मध्ये.

निजामी दौलतीच्या लेखी मुलकी कोण आणि गैरमुलकी कोण, याची व्याख्या 1919 च्या फर्मानाने ठरली होती, आणि तीत पंधरा वर्षांच्या कायम वास्तव्याची अट होती. ती सरकारी नोकरीपुरती. व्यापाऱ्याला आपला म्हणण्याची गावाची कसोटी निराळी होती: मिळकतीतून बांधलेली हवेली राजस्थानातल्या मूळ गावी उभी राहते की इथे, आणि मुलीचे लग्न कोठे होते, यावरून लोक ओळखत.

नांदेडची गोष्ट वेगळी. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला तेथे 1832 ते 1837 या काळात महाराजा रणजितसिंगांनी गुरुद्वारा बांधविला, आणि निजामाच्या चाकरीत आलेल्या पंजाबी शिपायांपैकी पुष्कळ कुटुंबे इथलीच होऊन गेली. त्यांच्या शीख धर्मात मिळकतीचा दहावा हिस्सा, दसवंध, वेगळा काढावयाचा असतो, आणि भुकेल्याला जेवू घालणाऱ्या लंगरात खर्ची पडलेल्या पैशालाही मी गुंतवणूकच म्हणेन. याच दौलतीत अरब जमादारांनी आपला पगार सरदारांना व सरकारला कर्जाऊ देऊन तालुकेच्या तालुके गहाण घेतले होते. ते सोडवून घेण्यात दिवाण पहिल्या सालारजंगाची, 1853 नंतरची, बरीच वर्षे गेली.

ही पुंजी वाढली ती कोणाच्या कष्टावर, हे सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. पेरणीला नेलेल्या धान्याची परतफेड सवाई-दिढीने, म्हणजे मणास सव्वा किंवा दीड मणाने, करणारा कुणबी एका खराब पावसाळ्यात जमीन घालवून बसे. 1875 मध्ये पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, आणि कर्जबाजारी शेतकऱ्याला दिलासा देणारा 1879 चा कायदा झाला तो त्या इंग्रजी मुलखासाठी; आमचा कुणबी हद्दीच्या अलीकडे राहिला. कुळाला हक्क देणारा हैदराबादचा कायदा 1950 मध्ये आला, आणि मग शेतीत पैसा अडकविण्यापेक्षा डाळमिलीत, जिनिंगमध्ये घालणे व्यापाऱ्याला सोयीचे होऊ लागले. आज उलट परमुलखात गेलेला लातूरचा जो मुलगा अमेरिकेत नोकरी करून काही डॉलर तिकडच्या निवृत्तिखात्यात आणि काही इकडच्या बँकेत ठेवतो, त्याला अनिवासी म्हणून इथे घर घेता येते, वडिलार्जित शेत वारसाहक्काने मिळते, पण नवे शेत विकत घेता येत नाही. जमीन नेहमीच परक्याच्या हाती सर्वांत शेवटी जाते, आणि तसे व्हावे हे मला योग्यच वाटते.

या इतिहासाचे एक पान मात्र वाचताना हात थांबतो. लातूर हे कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांचेही मोठे ठाणे होते. निजामी मुलूख भारतात आणणाऱ्या सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईच्या आधी, निजामी सत्तेची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांच्या भयाने पुष्कळ हिंदू कुटुंबे सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेली होती, जाताना सोने-नाणे तेवढे बरोबर नेता आले. कारवाईनंतर पारडे फिरले. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने नमूद केले आहे की, लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालू राहिली, आणि सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरलेले आढळले. दागिना कमरेला बांधता येतो, हुंडी खिशात घालता येते; पण गंजातल्या पेढीचे बहुतेक भांडवल उधारीत पसरलेले असते, आडत्याकडे, दुकानदाराकडे, पंचक्रोशीतल्या कुणब्याकडे, आणि ते नेता येत नाही. त्या चोपड्यांच्या उजव्या बाजूस ज्यांची नावे होती ती माणसे गावातच होती. जमा करून घेणारा गादीवर नव्हता.