बादशहाच्या हाती नांगर

चीन म्हटले की आपल्याला १९६२ ची लढाई आठवते, नाहीतर बाजारातल्या स्वस्त वस्तू. पण त्या देशाशी आपल्या ठाणे-कल्याणच्या मुलखाचे नाते फार जुने आहे.

सोपारा आणि कल्याण ही सातवाहनांच्या वेळची नामांकित बंदरे. सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखले जाणारे टेकाड खणले, तर आत बौद्ध स्तूप निघाला. (सोपारा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता, २०१४ पासून तो पालघरात गेला.) कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, सोनार आहे, लोहारसुद्धा आहे. भिक्षूंच्या पोटापाण्यासाठी शेतेही दान दिलेली दिसतात.

हाच बौद्ध धर्म चीनमध्ये जाऊन रुजला. त्याचे मूळ पाहायला ह्युएन त्संग नावाचा भिक्षू डोंगर-वाळवंटे तुडवीत भारतात आला. इ.स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात होता. तेव्हा पुलकेशी दुसरा राज्य करीत होता. इथली जमीन सुपीक. माणसे साधी, प्रामाणिक, पण मानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. गावातले बांधाचे तंटे आठवा आणि सांगा, पाहुण्याने आपल्याला बरोबर ओळखले की नाही!

बौद्ध धर्म तिकडे पाहुणा म्हणून गेला. घरची शिकवण त्याआधीची, कन्फ्यूशियसची (इ.स.पू. ५५१ ते ४७९). त्याच्या परंपरेत समाजाच्या चार पायऱ्या मानल्या: पहिला विद्वान, दुसरा शेतकरी, तिसरा कारागीर आणि शेवटी व्यापारी. आपल्याकडेही ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ म्हणतातच. बीजिंगमध्ये शेतीच्या आदिदेवाचे मंदिर १४२० साली बांधले. तिथे वसंत ऋतूत खुद्द बादशहा हाती नांगर धरून चार तासे काढीत असे. राणी रेशमाच्या किड्यांना तुतीचा पाला घाली.

हा मान किती खरा होता? एका शिष्याने कन्फ्यूशियसला शेतीविषयी विचारले. तो म्हणाला, ते म्हाताऱ्या शेतकऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळते. इथवर छान. पण शिष्य बाहेर जाताच, हा कोत्या बुद्धीचा माणूस आहे, असेही तो बोलला. म्हणजे मान द्यायचा, पण शेजारी बसवायचे नाही. ही रीत आपल्या ओळखीची आहे.

त्याच परंपरेतल्या मेन्सियसने मात्र शेत पाहिलेले असावे. त्याची एक गोष्ट आहे. एका शेतकऱ्याला आपली रोपे वाढत नाहीत अशी चिंता लागली. त्याने एकेक रोप हाताने थोडे थोडे वर ओढले. दमून घरी आला आणि म्हणाला, आज मी रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत शेतावर गेला, तर सगळे पीक माना टाकून पडलेले. काही लोक खुरपणीच करीत नाहीत आणि काही लोक रोपे ओढतात. दोघेही नुकसान करतात, असे मेन्सियस सांगतो. त्याचा रोख माणसाच्या मनाच्या मशागतीवर होता. पण युरियाची गोणी फोडताना आपल्याला ती गोष्ट आठवली तरी चालेल.

हंगामाचे त्यांचे गणितही आपल्याजवळचे आहे. सूर्याच्या गतीवरून त्यांनी वर्षाचे २४ भाग पाडले. ५-६ जूनला जो भाग सुरू होतो त्याचे नाव ‘कुसळाच्या पिकांची वेळ’: गहू काढायचा आणि भात लावायचा. दोन दिवसांनी आपले मृग लागते! या कालगणनेला युनेस्कोने २०१६ साली मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

एवढे शहाणपण गाठी असताना १९५८ साली माओच्या सरकारने रोपे ओढलीच. भात दाट लावा, जमीन हातभर खोल खणा, दाणे खाणाऱ्या चिमण्या मारा, असे हुकूम सुटले. दाट लावलेली रोपे कुजली, चिमण्या गेल्यावर किडी माजल्या. अधिकाऱ्यांनी कागदावर भरघोस पीक दाखवले आणि त्या आकड्यांप्रमाणे सरकारने धान्य उचलले. १९६१ पर्यंत जे लोक भुकेने मेले त्यांची संख्या दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत सांगतात. मेले ते बहुतेक शेतकरीच, धान्य पिकवणारे.

पुढे १९७८ च्या हिवाळ्यात शियाओगांग नावाच्या खेड्यात अठरा कुटुंबांनी गुपचूप एका कागदावर अंगठे उठवले आणि सामुदायिक जमीन घरोघर कसायला वाटून घेतली. पकडले गेले असते तर तुरुंग होता. वर्षभरात पीक वाढले आणि सरकारला तीच रीत देशभर लावावी लागली.

आता तिथेही शहरांनी खाचरे गिळली. आपल्या कल्याण-शीळ रस्त्याने जाल तर तेच दिसेल. भाताच्या जागी वीस-वीस मजले. चीनने २००६ साली दोन हजार वर्षांहून जुना शेतसारा बंद केला आणि लागवडीची जमीन १२ कोटी हेक्टरांच्या खाली जाऊ द्यायची नाही अशी रेघ ओढली. तिथल्या शेतकऱ्याला जमीन विकताच येत नाही, कारण ती गावाच्या मालकीची आणि त्याच्याकडे नुसता कसण्याचा हक्क. आपल्या सात-बाऱ्यावर आपले नाव आहे. बिल्डरचा माणूस आला तर तो आपल्याच ओटीवर येऊन बसतो.