चार कोटी अंकांची एकच संख्या

समजा, कॉलेजच्या पहिल्या दिवशी तुम्ही एक संख्या लिहायला बसलात. सेकंदाला एक अंक. जेवण नाही, झोप नाही, मोबाइल तर नाहीच. लिहून संपायला ४७५ दिवस लागतील. म्हणजे एफवाय उलटून एसवायचं पहिलं सेमिस्टर संपत आलेलं असेल!

ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या या मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. आधीचा विक्रम होता २०१८ सालचा, सुमारे अडीच कोटी अंकांचा.

सांगायला मात्र ती एका ओळीत मावते. १३,६२,७९,८४१ वेळा २ मांडा, सगळ्यांचा गुणाकार करा आणि १ वजा करा. अशा मूळ संख्यांना मर्सेन या सतराव्या शतकातल्या फ्रेंच धर्मगुरूचं नाव मिळालंय. ३, ७, ३१, १२७ ही त्यातलीच धाकटी भावंडं. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्यावर भागत नाही. ११ मूळ आहे, तरी २ च्या ११ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारे २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. फसलो ना?

मग एवढ्या अवाढव्य संख्येला कशाने भाग जात नाही हे कळलं कसं? भाग लावत बसलं तर विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. इथे कामाला येते ल्युकास-लेमर चाचणी, आणि ती चक्क वहीत करता येते. ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागा, बाकी ठेवा. बाकीवर पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा. शेवटी शून्य आलं की संख्या मूळ!

३१ घेऊ. घातांक ५, म्हणजे तीन फेऱ्या. ४ चा वर्ग वजा २, १४. पुढे १९४, बाकी ८. पुढे ६२, बाकी शून्य. जमलं! १२७ तुम्ही करा. १४, ६७, ४२, १११ आणि शून्य आलं पाहिजे.

नव्या संख्येसाठी अशा तेरा कोटींहून जास्त फेऱ्या झाल्या. ल्यूक ड्युरंट या ३६ वर्षांच्या अमेरिकन तरुणाने १७ देशांतल्या ग्राफिक्स चिप्स कामाला लावल्या होत्या. डब्लिनमधल्या चिपने ‘बहुधा मूळ’ असा कौल दिला, दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या चिपने शिक्कामोर्तब केलं.

उपयोग? खरं सांगायचं तर काही नाही. इंटरनेटवरच्या कुलपांसाठी साधारण तीनशे अंकी मूळ संख्या पुरतात, आणि त्या गुप्त लागतात. ही तर अख्ख्या चाळीला जागा माहीत असलेली किल्ली! पण या शोधाचा जोडधंदा भारी आहे. ड्युरंट ज्या ‘गिम्प्स’ प्रकल्पात होता, त्याचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरला इतकं पिदडतं की २०१६ मध्ये त्यामुळे इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला दोष उघडा पडला.

ते सॉफ्टवेअर फुकट आहे. दहा कोटी अंकांच्या पहिल्या मूळ संख्येसाठी दीड लाख डॉलरचं बक्षीसही लावलेलं आहे. फक्त लॅपटॉप रात्रभर हॉस्टेलवर चालू ठेवणार असाल, तर पंख्याच्या घरघरीबद्दल रूममेटला आधी विचारा.