नारू गावची बोली बोलते

कामं आवरली का? आवरली नसतील तरी चालेल. हात कामात असू द्या, कान इकडे द्या.

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले आणि बाहेर पावसानं धरलं. कुणालाच घरी जाता येईना. माझी भाची कॉलेजच्या सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "आत्या, मोबाईलवर एक जपानी मालिका दाखवते. गावाकडची आहे." मग आम्ही अकरा जणी आणि एक मोबाईल! चुरमुऱ्याच्या डब्याला तो टेकवला आणि मालिकेचा पहिला भाग बघितला. वीस-बावीस मिनिटांचा भाग, पण त्यावरची चर्चा तासभर चालली. ती चर्चा आज तुम्हाला सांगायची आहे, कारण त्यात आपल्या रेडिओचाही प्रश्न निघाला.

आधी मालिकेची ओळख करून देते. जपानमध्ये चित्रं काढून ती हलती-बोलती करतात, त्या मालिका-सिनेमांना अॅनिमे म्हणतात. तुमची नातवंडं टीव्हीवर डोरेमॉन बघतात ना, ते अॅनिमेच. पण तिकडे हा प्रकार फक्त लहान मुलांसाठी नसतो. आम्ही बघितलेल्या मालिकेचं नाव 'बाराकामोन'. 2014 च्या जुलैत ती जपानी टीव्हीवर सुरू झाली, सगळे मिळून 12 भाग आहेत. मूळ चित्रकथा सात्सुकी योशिनो या बाईंची. त्या स्वतः गोतो बेटांवरच्या. जपानच्या पश्चिम टोकाला नागासाकी आहे, त्याच्याही पलीकडे समुद्रात ही बेटं आहेत. गोतो म्हणजेच पाच बेटं. मालिका तिथेच घडते.

गोष्ट अशी. हांदा नावाचा तेवीस वर्षांचा तरुण ब्रश आणि काळ्या शाईनं मोठी सुंदर अक्षरं काढतो. जपानमध्ये ही मानाची कला आहे. एका प्रदर्शनात तिथले वयस्क संचालक त्याला म्हणतात, तुझं अक्षर पुस्तकातल्या नमुन्यासारखं आहे, त्यात तुझं स्वतःचं काही नाही. हा चिडतो आणि त्या काठी टेकत चालणाऱ्या माणसाला ठोसा मारतो. मग वडील त्याला या बेटावरच्या खेड्यात पाठवतात, डोकं थंड कर म्हणून. तिथे एका म्हाताऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून तो गावाकडे निघतो. जे घर भाड्यानं घेतलंय तिथे गावातली पोरं आधीपासूनच खेळायला घुसत असतात. त्यातलीच एक, पहिलीत जाणारी मुलगी, नारू.

नाव ऐकताच आमच्या एका मावशी म्हणाल्या, "नारू? अगं, त्यो तर रोग की!" जुन्या बायकांना आठवत असेल, पायविहिरीचं पाणी पिऊन पायातून नारू निघायचा. 2000 साली आपला देश त्या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. पण ही नारू रोग नव्हे, औषध निघाली.

आता आमच्या बायकांना काय पटलं आणि काय नाही, ते सांगते.

पहिलंच बोलणं एका आक्कांचं. "म्हाताऱ्यावर हात उचलला आन् शिक्षा काय, तर गावात ऱ्हा? आमी तर जलमभर गावातच हाय. आमी कोणता गुन्हा केला?" सगळ्या हसल्या, पण मुद्दा खरा होता. आपल्याकडेही साहेबाची बदली आडगावाला झाली की लोक शिक्षा झाली म्हणतात. मालिकाही सुरुवात तशीच करते. मात्र भाग संपेपर्यंत शिक्षा भोगायला आलेलाच माणूस काहीतरी शिकतो, हेही आम्ही बघितलं.

दुसरं म्हणजे शेजारपाजार. नव्या माणसाचं सामान येतं तेव्हा गावकरी न बोलावता मदतीला येतात. एक वहिनी म्हणाल्या, "हे मातर खरं. नवं बिऱ्हाड आलं की आपण तरी कुठं विचारत बसतो?"

तिसरी गोष्ट खटकली ती आमच्यातल्या एका तरुण आईला. ती म्हणाली, "अनोळखी माणसाच्या घरात एवढीशी पोरगी एकटी जाते, त्याच्याबरोबर फिरते. मी तर सोडणार नाही." यावर बराच वाद झाला. काहींना वाटलं, जुन्या गावात असंच चालायचं. बाकीच्या म्हणाल्या, जुन्या गावातही सगळं चांगलंच होतं असं नाही. मलाही वाटतं, मालिकेनं गाव जरा गोड करून दाखवलंय. गोष्ट खरी वाटणं वेगळं आणि तिच्यातलं सगळं तसंच्या तसं खरं असणं वेगळं. बघताना हा फरक मनात ठेवायला हवा.

आता मुख्य गोष्ट, भाषा.

संवाद जपानीत होते आणि खाली इंग्रजी ओळी. भाची वाचून मराठीत सांगत होती. सुरुवातीला तिनं सगळ्यांची वाक्यं एकाच पुस्तकी मराठीत सांगितली. आम्हाला गोष्ट कळली, पण रंग भरेना. मग ती म्हणाली, "आत्या, हा माणूस शहरातली जपानी बोलतोय आणि ही पोरगी त्यांच्या गावची बोली बोलतीय. इंग्रजीत तो फरक फारसा उतरलेला नाही." असं म्हणून तिनं नारूची वाक्यं आपल्या बोलीत सांगायला सुरुवात केली. एके ठिकाणी नारू हांदाला समुद्राकडच्या उंच भिंतीपाशी नेते. तिच्या म्हणण्याचा अर्थ असा, की चढल्याशिवाय पलीकडचं काही दिसायचं नाही. भाचीनं सांगितलं, "चढल्याबिगर कायबी दिसायचं न्हाई, गुमान चढ!" आणि अकराच्या अकरा जणी खळखळून हसल्या. पोरगी एकदम ओळखीची झाली. दोघं वर चढतात आणि समोर मावळतीचा सूर्य असतो. तेव्हा मात्र सगळ्या गप्प होत्या.

मालिकेचं नावही बोलीतलंच आहे. गोतोच्या बोलीत 'बाराकामोन' म्हणजे उत्साही, धडपड्या माणूस. राजधानीतल्या प्रेक्षकाला हा शब्द समजावून सांगावा लागतो, तरी तोच नावात ठेवलाय. आणखी एक गोष्ट. अशा मालिकांमध्ये लहान मुलांचे आवाज बहुतेक वेळा मोठ्या बायका काढतात. नारूचा आवाज मात्र खरोखरच्या लहान मुलीनं दिलाय. अनेक प्रेक्षकांना नारू खरी वाटली, त्यात या आवाजाचा वाटा मोठा आहे.

बोलीला असा मान जपानमध्ये नेहमीच होता असं नाही. तिकडच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर एके काळी शाळेत घरची भाषा बोललेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. दुसरं कुणी चुकून तसं बोललं की पाटी त्याच्या गळ्यात जायची. म्हणजे मुलांनीच मुलांवर पाळत ठेवायची. हे ऐकून बायका हळहळल्या. आपल्याकडे अशी पाटी नसली, तरी हसणं असतं. आपल्या सिनेमांतही बरीच वर्षं गावाकडचं बोलणारा माणूस म्हणजे गडी नाहीतर विनोदाचं पात्र. म्हणून तर 2016 साली 'सैराट' आला, आणि त्यातली नायिका आपल्या सोलापूरकडच्या बोलीत ठसक्यात बोलली, तेव्हा आपल्याला एवढा आनंद झाला. बोलीवर हसणं वेगळं आणि बोलीत हसणं वेगळं. नारूच्या गोष्टीत आपण तिच्या बोलीवर हसत नाही, तिच्याबरोबर हसतो. गोंधळ उडतो तो शहरातल्या माणसाचा.

एवढं सगळं मी मोठ्या तोंडानं बोलत होते. तेवढ्यात कोपऱ्यातून एक आक्का म्हणाल्या, "त्या पोरीला मधीच कुणी थांबवलं न्हाई व्हय?"

माझी मान खाली गेली. गेल्या वर्षी याच आक्का रेडिओसाठी शेळीपालनावर बोलायला आल्या होत्या. वीस वर्षं शेळ्या राखलेली बाई. करडाचं पोट फुगलं तेव्हा काय झालं ते सांगत होत्या, "करडू तडफडत व्हतं..." मी थांबवलं. म्हटलं, "आक्का, 'व्हतं' नको, 'होतं' म्हणा." पुन्हा सुरू केलं, पुन्हा मी थांबवलं. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्या वेळी त्या उठल्या. "तूच बोल बाई, मला काय येत न्हाई." मग कागदावर लिहून मीच बोलले. अगदी शुद्ध. पण हांदाच्या अक्षरासारखं, पुस्तकातल्या नमुन्यासारखं. आणि त्या रात्री त्यांनी त्या करडाचं काय केलं, त्यांना कशावरून काय समजलं, ते सांगायचं राहूनच गेलं. माझ्या शुद्ध भाषेपायी ऐकणाऱ्यांचं ते नुकसान झालं. बी. ए.चं शिक्षण माझ्या कामी आलं असेल, पण त्या दिवशी आक्कांच्या आड आलं.

मी सगळ्यांसमोर आक्कांची माफी मागितली. मग आम्ही गटात तीन गोष्टी ठरवल्या. तुम्हीही बघा, पटतात का.

एक, रेकॉर्डिंग चालू असताना कुणाच्याही बोलण्यात शब्द सुधारायचा नाही. एखादा शब्द दुसऱ्या तालुक्यात कळणार नसेल, तर बोलणं संपल्यावर त्याचा अर्थ विचारायचा आणि तोही रेकॉर्ड करायचा.

दोन, अर्ज, बँकेचा फॉर्म, ठराव यांची भाषा शिकायचीच. ती आली नाही तर आपलंच काम अडतं. पण ती घरची बोली टाकून देऊन नाही, तिच्या जोडीनं शिकायची.

तीन, घरात पोरं आजीच्या बोलण्याला हसली, तर तिथल्या तिथे टोकायचं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुमच्या गटात एक प्रश्न विचारून बघा. कोणत्या जागी तुम्ही बोलायच्या थांबलात, आणि का? कुणी बँकेच्या खिडकीची आठवण सांगेल, कुणी ग्रामसभेची, कुणी शाळेतल्या पालकसभेची. ती उत्तरं आम्हाला कळवा.

आणि हो, त्या आक्का गेल्या आठवड्यात परत आल्या होत्या. सात मिनिटं बोलल्या, मी एकदाही थांबवलं नाही. पोट फुगलेल्या त्या करडाची पुढची गोष्ट तुम्ही पुढच्या भागात त्यांच्याच तोंडून ऐकणार आहात. तोवर, येते मी. नमस्कार.