संत्रा लावताय? मग खाली बघा!

सध्या आमच्या ग्रुपमध्ये एक नवा किडा वळवळतोय. मिहानमध्ये कोडिंग करणारा असो, धरमपेठेत क्लिनिक चालवणारी असो की पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करायला नागपुरात परतलेलं जोडपं, सगळ्यांच्या डोक्यात एकच : संत्र्याचा बगीचा! काटोल नाहीतर सावनेरकडे बाबांचं वावर पडलंय. त्यात ओळीने झाडं लावायची, फेब्रुवारीत फुलांच्या घमघमाटात खाट टाकायची, डिसेंबरात स्वतःच्या झाडाचा संत्रा तोडून खायचा आणि हो, फोटो टाकायचे. आयडिया झक्कास आहे.

(वावर नसेल तर मात्र थोडं थांबा. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर आधी तुम्ही शेतकरी असावं लागतं. त्यामुळे हे स्वप्न ज्यांच्या घरात सातबारा आहे त्यांचंच, किंवा ज्यांना तशी सासुरवाडी मिळाली त्यांचं!)

पण थोडं गणित करू या. आज कलम लावलं तर धड उत्पन्न सुरू व्हायला पाच-सहा वर्षं. म्हणजे आज घेतलेल्या कारचं लोन फिटेल, तेव्हा कुठे पहिली फळं हातात. त्यानंतर झाड नीट सांभाळलं तर २५-३० वर्षं साथ देतं. एवढी लांबची कमिटमेंट आपल्या पिढीने दुसऱ्या कशात केलीय? आणि गंमत म्हणजे या सगळ्या काळाचा निकाल पहिल्या दिवशी, खड्डा बुजवताना लागलेला असतो. दोन-तीन इंच इकडे की तिकडे, एवढ्यावर.

तहान नव्हतीच!

माझा एक कॉलेजचा मित्र. नरखेडकडे दोन एकर, २२० झाडं. सहा बाय सहा मीटरवर लावली की एकरी साधारण ११० झाडं बसतात, हेक्टरी २७७. ठिबक, कुंपण, मोबाइलवरून चालू होणारी मोटर, सगळं एकदम टकाटक. तिसऱ्या वर्षी झाडं पिवळी पडायला लागली. पानं मलूल, शेंड्याकडून फांद्या वाळलेल्या. त्याला वाटलं, पाणी कमी पडतंय. त्याने पाणी वाढवलं. आणखी पिवळी. आणखी पाणी. गेल्या दिवाळीपर्यंत ४० झाडं गेली.

काटोलजवळच्या माझ्या मामांना आम्ही दाखवायला घेऊन गेलो. मामांनी झाडाकडे वर पाहिलंच नाही. सरळ उकिडवे बसले, बुंध्याजवळची माती हाताने उकरली. चार इंच खाली गेल्यावर तो जोड दिसला, जिथे कलम बांधलेलं असतं. त्याच्याभोवतीची साल काळी पडलेली, नखाने सोलली तर निघून आली. एका ठिकाणी डिंकाचा थेंब.

‘झाडाले पाणी पाह्यजे बाबू, बुडाले नाही,’ मामा म्हणाले. त्या एका वाक्यात संत्र्याची अर्धी शेती आली, असं मला आता वाटतं.

एका झाडात दोन झाडं

आपण ज्याला संत्र्याचं झाड म्हणतो ते खरं तर दोन झाडांचं मिळून बनलेलं असतं. खाली जंभेरी किंवा रंगपूर लाइम, वर नागपुरी संत्रा. आधी जंभेरीच्या बिया पेरतात, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीत संत्र्याचा एक डोळा बसवतात आणि पट्टीने बांधतात. याला म्हणायचं डोळा भरणं. डोळा फुटला की वरची जंभेरी छाटून टाकायची. मुळं जंभेरीची, फळं संत्र्याची. एकदम जॉइंट व्हेंचर!

यातही एक ट्रिक आहे. जंभेरीच्या एकाच बीतून दोन-तीन रोपं उगवतात. त्यातली बहुतेक आईची हुबेहूब कॉपी असतात, पण एखादं वेगळ्याच रक्ताचं निघतं. कधी मरतुकडं, तर कधी फारच उफाड्याचं. अशी वेगळी दिसणारी रोपं पन्हेरीतूनच काढून टाकायची असतात. नाही काढली तर तुमच्या बगीच्यात दहा वर्षांनी एक झाड डोक्याच्या वर आणि शेजारचं कमरेएवढं. तोवर पन्हेरीवाल्याला जाब विचारायची वेळ निघून गेलेली असते.

त्यामुळे खरेदीला जाताना काय बघायचं, तर आधी खाली बघायचं. डोळा जमिनीपासून साधारण ९ इंचांवर भरलेला हवा. जोड एकजीव हवा. मुळं पांढरी-पिवळसर, भरपूर तंतू असलेली हवीत. करड्या, कुजट मुळांचं कलम कितीही हिरवंगार दिसलं तरी तिथेच ठेवून यायचं. वरूड तालुक्यातलं शेंदूरजनाघाट हे तर संत्रा कलमांचं माहेरघर, पावसाळ्यात तिथून गाड्याच्या गाड्या भरून जातात. अडचण अशी, की वर्षानुवर्षं त्याच काळ्या मातीत पन्हेरी घेतली की रोग मातीतच मुक्काम ठोकतो आणि मुळांसोबत तुमच्या वावरात फुकट होम डिलिव्हरी मिळते. म्हणून पिशवीत, निर्जंतुक केलेल्या मिश्रणात वाढवलेलं कलम घ्या असा सल्ला देतात. आपल्या अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांचं आख्खं राष्ट्रीय केंद्र १९८५ पासून आहे. २०१४ मध्ये त्याची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था झाली, आणि नागपुरी संत्र्याला जीआय मिळाला तोही त्याच वर्षी. तिथे रोगमुक्त कलमं तयार होतात. काटोललाही अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. फुटाळ्यावर कॉफी प्यायला जाणारे आपण, या संस्थेच्या फाटकावरून कितीदा गेलो असू!

चेस्टनटवालेही याच दुःखात

मुळं आणि बुंधा खाणाऱ्या या खलनायकाचं नाव फायटोप्थोरा. ग्रीक भाषेतून आलेला शब्द, अर्थ सरळ ‘झाडांचा नाश करणारा’. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं, लाखो माणसं भुकेने मेली, तो याच्याच खानदानातला. युरोपात थंडीत रस्त्याच्या कडेला गरमागरम भाजून मिळतात ती गोड चेस्टनट आठवा, निदान सिनेमात तरी पाहिली असतील. त्या झाडांनाही याच कुळातले दोन भाऊ छळतात. मुळाशी शाईसारखा काळा डाग पडतो म्हणून तिकडे त्याला शाईचा रोगच म्हणतात. तिथल्या लोकांनी काय केलं? जपानी चेस्टनटशी संकर करून रोग सोसणारे खुंट तयार केले आणि कलमं त्यावर बांधली. आणि पाणी तुंबणाऱ्या जमिनीत चेस्टनट लावू नका, हा नियम तिकडेही पहिलाच. इटलीतला शेतकरी आणि नरखेडचा कास्तकार एकमेकांना कधी भेटायचे नाहीत, पण खुर्पी घेऊन दोघंही बुंध्यापाशीच बसणार.

याची खासियत ही, की याचे बीजाणू चक्क पोहतात. शेपटीसारखे धागे हलवत साचलेल्या पाण्यातून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणजे मोकाट पाणी सोडलं, ओळीतल्या पहिल्या आजारी झाडाला स्पर्श करून ते पुढे गेलं, की समजा सगळ्या ओळीला इन्व्हिटेशन! मित्राच्या बाबतीत जोड मातीत गाडला गेला होता. वर ठिबकची नळी बुंध्याला चिकटून. जंभेरीपेक्षा संत्र्याची साल या रोगाला नाजूक, त्यात चोवीस तास ओल. मुळं सडली की झाड पाणी ओढू शकत नाही आणि अगदी तहानल्यासारखं दिसतं. आपण बिचारे आणखी पाणी देतो...

मग पाणी द्यायचं कसं? जुन्या बागायतदारांची पद्धत म्हणजे दुहेरी आळं. बुंध्याभोवती मातीचा एक छोटा गोल, त्याबाहेर दुसरा मोठा गोल आणि पाणी फक्त दोन्हींच्या मधल्या चरात. बुंधा कोरडा. अन्न घेणारी बारीक मुळं तशीही बुंध्याजवळ नसतात, ती फांद्यांच्या घेराखाली, वरच्या फूट-दीड फूट मातीत पसरलेली. झाड मोठं होतं तसा गोल बाहेर सरकवायचा. ठिबक असेल तर नळी सरकवायची. मित्राची मोटर मोबाइलवर चालू व्हायची, पण नळी सरकवायला माणूसच लागतो, त्याला कोण काय करणार!

माती, खड्डा आणि निळा रंग

जमिनीचं थोडक्यात सांगतो. मध्यम काळी, मीटरभर खोल, पाण्याचा निचरा होणारी जमीन बेस्ट. चुनखडीचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असेल तर नादच सोडा. भारी, उन्हाळ्यात भेगा पडणारी जमीन असेल तर गादीवाफे करून त्यावर लावा. माती परीक्षणाला शंभर कारणं सांगून टाळाटाळ करू नका, रिपोर्ट पाहिल्याशिवाय आपण फ्लॅटचं बुकिंग करतो का?

उन्हाळ्यात पाऊण मीटर लांब-रुंद-खोल खड्डे काढून ते तापू द्यायचे. मग वरच्या थरातली चांगली माती, कुजलेलं शेणखत आणि सुपर फॉस्फेट घालून भरायचे. एक-दोन चांगले पाऊस पडून भर खाली बसली की लागवड. इथेच अनेकजण गंडतात. ताज्या भरलेल्या खड्ड्यात कलम लावलं की पावसात माती दबते, कलम खाली जातं आणि आज वर असलेला जोड ऑगस्टमध्ये गाडला जातो. मित्राचं नेमकं हेच झालं होतं. त्याने लावताना जोड वरच ठेवला होता, कंत्राटदाराच्या माणसांनी खड्डे मात्र आदल्याच दिवशी भरले होते.

आणि तो बुंध्यांवरचा निळसर रंग? वरूडच्या रस्त्यावरून जाताना ओळीने ‘पँट’ घातलेली झाडं दिसतात ना, ते डेकोरेशन नाही. ती बोर्डो पेस्ट. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवायचे, मग एकत्र करायचे, तेही प्लॅस्टिकच्या भांड्यात, लोखंडाच्या नाही. त्याच दिवशी संपवायची. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत एकदा पावसाळ्याआधी, एकदा नंतर. फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या द्राक्षबागांतून १८८० च्या दशकात हा फॉर्म्युला निघाला, आजही स्वस्तात काम करतो. एका वीकेंडला चार मित्र आले तर दोन एकर रंगवून होतात. नंतर पार्टी द्यावी लागते, एवढंच.

पाच वर्षं करायचं काय?

बरंच काही. खुंटावरून, म्हणजे जोडाच्या खालून फूट आली की ती जंभेरीची. काटे भरपूर, पान चुरगळलं तर लिंबासारखा वास. ती लगेच काढायची, नाहीतर तुम्ही लाडाने जंभेरी वाढवत बसाल. सरळसोट वर जाणारे पानसोट काढायचे. वाळलेल्या फांद्या, इकडच्या भाषेत सल, त्याही काढायच्या आणि कापलेल्या जागी बोर्डो लावायचं. मोकळ्या जागेत सोयाबीन, मूग, हरभरा घ्या, तेवढीच वरकमाई. पण ऊस-ज्वारीसारखं खादाड पीक नको आणि झाडाजवळ खोल नांगर तर अजिबात नको. तिसऱ्या वर्षी चुकून लागलेली फळं तोडून टाका. मन दुखतं, मान्य. तरी तोडा.

मग येतो बहार. जानेवारी-फेब्रुवारीत फुलं, दिवाळीनंतर फळं, तो आंबिया. पावसाच्या सुरुवातीला फुलं आणि फेब्रुवारी-मार्चात फळं, तो मृग. दोन्ही एकाच वर्षी घेऊन झाडाला पिळू नका, कोणता तरी एक धरा. आंबियासाठी थंडीत महिना-दीड महिना पाणी तोडून झाडाला ताण देतात. ताण सोसायला मुळं धडधाकट हवीत, सडक्या मुळांच्या झाडाला ताण दिला की ते फुलत नाही, वाळतं. म्हणजे गाडी पुन्हा बुडाशीच आली.

फळं आल्यावरही सगळं गोडच असतं असं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. गेल्या काही वर्षांत पावसाच्या लहरीत फळगळीने बगीचे रिकामे केलेत. बांगलादेश हे आपल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक, तिथे २०१९ नंतर आयात शुल्क चढत गेलं आणि इकडे भाव पडले. वरूड-मोर्शीकडे बोअर खोल खोल जाताहेत ते वेगळंच. तेव्हा नोकरी सोडून उडी मारायचा विचार असेल तर पहिली सहा वर्षं पगार चालू असलेला बरा. सरकारच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत लागवडीला अनुदान मिळतं, पण तेही तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने, आणि झाडं जगवली तरच.

मित्राच्या उरलेल्या १८० झाडांचे जोड आम्ही दोन वीकेंड बसून मोकळे केले. माती बाजूला ओढली, सडलेली साल चाकूने खरवडली, बोर्डो लावलं, नळ्या तीन फूट बाहेर सरकवल्या. त्यातल्या काही झाडांना नवी पालवी फुटलीय, काही अजून घुटमळताहेत. मेलेल्या ४० जागा त्याने मामांच्या सल्ल्याने यंदा भरल्याच नाहीत. मुळं उपसून खड्डे उघडे ठेवलेत, येत्या उन्हाळ्यात तापू देणार. कलमांची चौकशी मात्र त्याने आतापासून सुरू केलीय, आणि दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो, डोळा किती इंचांवर भरलाय?