ठराव झाला, पाणी मिळायला साडेतीन वर्षं लागली

मंडळी, कायदा झाला म्हणजे काम झालं, असं आपण सगळेच धरून चालतो. ग्रामसभेत ठराव होतो, वहीत लिहिला जातो, सह्या होतात, आणि आपण घरी जातो. आज आपण एका ठरावाची गोष्ट पाहू.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या, असा त्याचा आशय. सरकारने खात्यांना तसे कळवले. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर काही उणं राहिलं नव्हतं.

आता गंमत बघा. त्या तळ्यावर मुसलमान पाणी भरत, गुरंढोरंही पीत. अडवणूक होती ती फक्त अस्पृश्य माणसांची. आणि ठराव झाल्यावरही त्यांच्यापैकी कुणी तळ्यात उतरलं नाही. याला भित्रेपणा म्हणायची घाई आपण करू नये. कसायला जमीन, बलुत्याचं धान्य, बाजारातलं मीठमिरची ज्यांच्या हातात, त्यांच्याच डोळ्यांदेखत पाण्याला हात लावायचा होता. एकट्यादुकट्याने लावला असता तर त्याच्या घरची चूल बंद पडली असती. म्हणून आम्हाला वाटतं, अशा ठिकाणी धैर्य आधी जमवावं लागतं, जशी वर्गणी जमवतात तसं.

ते जमवणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे होते. लहानपणी महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला, तेव्हा या मुलाने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि शाळेला त्याला घ्यावं लागलं! तोच मुलगा पुढे परिषदेच्या तयारीसाठी राबला. नगरपालिकेतले सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे दोघे सवर्ण कार्यकर्तेही सोबत होते.

१९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष. समारोपाच्या वेळी चित्रे उठले आणि म्हणाले, की नगरपालिकेने तळं खुलं केलंच आहे, तर आपण आत्ताच तिथे जाऊ या. हजारो माणसं शिस्तीत तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, मग बाकीच्यांनी.

पुढचं सगळं तासा-दोन तासांत घडलं. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली. मंडपात जेवायला बसलेल्यांवर लाठ्या पडल्या, परतीच्या वाटेवर माणसं गाठून मारली गेली. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. मार खाल्लेले लोक उलटून जायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. त्या दिवसातला सगळ्यात अवघड भाग आमच्या मते हाच.

तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, तोही ४ ऑगस्टलाच, १९२७ च्या. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, पण तळे खासगी असल्याचा दावा लावून विरोधकांनी कोर्टाकडून तात्पुरती मनाई आणली होती. लोक जमले होते, जायला उत्सुक होते. तरी सत्याग्रह तहकूब केला आणि लढाई कोर्टात नेली.

ती लढाई जवळजवळ दहा वर्षं चालली. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. अस्पृश्यांना पाणी न देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आलीय, हे दावा लावणाऱ्यांना सिद्ध करता आलं नाही.